तळ्याकाठी चार दिवस: ओंटारियोत पहिल्यांदा कॉटेजला जाणाऱ्यांसाठी

टोरांटोच्या आसपास नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांत मे महिना लागला की एक प्रश्न हमखास निघतो. "ऑफिसातले सगळे शुक्रवारी दुपारीच कॉटेजला पळतात, तिथे असतं तरी काय?" एक लाकडी घर असतं, समोर तळं असतं आणि पाण्यात शिरलेला एक लाकडी धक्का असतो, ज्याला इथे डॉक म्हणतात. बाकी बघायला काही नसतं, आणि पहिल्यांदा जाताना नेमकं तेच आपल्याला पचत नाही. आपल्या सहलींना पॉइंट लागतात. महाबळेश्वरला गेलं की सूर्योदयाचा पॉइंट वेगळा आणि सूर्यास्ताचा वेगळा. कॉटेजला मात्र राहायला जायचं असतं, मे महिन्यात मामाकडे राहायला जायचो तसं.

आम्ही पहिल्या वर्षी दोनच रात्रींसाठी गेलो होतो. मधला एकुलता एक पूर्ण दिवस गाडीतच गेला: एक धबधबा, एक बाजारपेठ, एक टेहळणीचा मनोरा. परत आलो तेव्हा तळं काळं पडलं होतं आणि मुलगी रडवेली होऊन विचारत होती, "आई, आपण पाण्यात कधी जायचं?" ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. त्यानंतर चौदा उन्हाळे झाले. जे जे कळत गेलं, ते क्रमाने लिहिते आहे.

आधी तारखा ठरवा

व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपासून, म्हणजे 25 मेच्या आधीच्या सोमवारपासून, कॉटेजचा हंगाम सुरू झाला असं इथे मानतात. तुम्ही मात्र तेव्हा जाऊ नका. उत्तरेकडच्या तळ्यांवरचं बर्फ एप्रिलमध्ये, कधी तर मेच्या सुरुवातीला वितळतं, त्यामुळे मेअखेरीसही पाण्यात पाय बुडवले तर हाडं दुखतात. त्यातच मेच्या मध्यापासून जून सरेपर्यंत ब्लॅक फ्लाय नावाची बारीक काळी माशी असते. ती दिवसाढवळ्या केसांच्या कडेला आणि कानामागे चावते, आणि चावा आठवडाभर खाजतो.

नवख्यांसाठी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ उत्तम. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा. तोवर पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं, डास बरेच ओसरलेले असतात, रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांच्या टपऱ्यांवर ताजी कणसं आलेली असतात, आणि संध्याकाळी अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटेल इतपत गारवा असतो.

किमान तीन रात्री घ्या. पहिला दिवस पोचण्यात आणि शेवटचा आवरण्यात जातो, मधले दोन तरी हातात हवेत. भर हंगामात बरीच कॉटेजं शनिवार ते शनिवार अशी आठवड्याच्या बोलीनेच मिळतात. दोन कुटुंबांनी मिळून घेतलं तर खर्च निम्म्यावर येतो आणि मुलांना सोबत मिळते. तेही परवडत नसेल, तर प्रांतिक उद्यानांतल्या किनाऱ्यांवर एक दिवस घालवता येतो, किंवा यर्ट म्हणजे गोल तंबूघर घेऊन राहता येतं. अल्गॉन्क्विन पार्कमध्ये म्यू लेकच्या काठी अशी यर्ट आहेत. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी उद्यानात गाडी न्यायचा परवाना आधी नोंदवून ठेवा, फाटकावर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

कुठलं तळं?

ओंटारियो प्रांतात अडीच लाखांहून जास्त तळी आहेत, त्यामुळे निवड करताना गोंधळ होतोच. मी ढोबळ दोन गट करते. टोरांटोपासून जवळ, पीटरबरोच्या आसपासची कवार्थाची तळी बहुतेक उथळ. ती लवकर तापतात, पण त्यांत पाणवनस्पती जास्त, पायाला गवत लागतं. त्यांच्या उत्तरेला मस्कोका आणि हॅलिबर्टन. तिथे अब्जाहून अधिक वर्षांचा जुना खडक आहे. हिमनद्यांनी तो खरवडून काढला आणि त्या खळग्यांत पाणी साचून ही तळी झाली. पाणी नितळ, खोल आणि जरा गार. काठावर गुलाबी-करड्या खडकाचे कातळ आणि वाऱ्याने एका बाजूला झुकलेले पाइन. टोरांटोहून मस्कोकातलं ग्रेव्हनहर्स्ट गाव पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पण शुक्रवारी दुपारी तीननंतर निघालात तर महामार्ग 400 वर अर्धी संध्याकाळ जाते. गुरुवारी रात्री सामान गाडीत भरून ठेवा आणि सकाळी निघा.

जाहिरातीतले फोटो नेहमी सूर्यास्ताचे असतात. त्यावर जाऊ नका, मालकाला फोन करून किंवा लिहून हे विचारा:

- काठ वाळूचा आहे, खडकाचा की चिखलाचा? डॉकच्या टोकाला पाणी किती खोल?
- घरापासून पाण्यापर्यंत किती पायऱ्या, आणि कठडा आहे का? भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हा प्रश्न सगळ्यांत आधी.
- नळाचं पाणी पिण्यासारखं आहे का? अनेक ठिकाणी ते थेट तळ्यातून येतं.
- चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल मिळतात की आपले न्यायचे?
- कनू किंवा कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) आहे का, आणि लाइफ जॅकेट कोणकोणत्या मापाची?
- मोबाइलला रेंज कुठपर्यंत येते?

शेवटचा प्रश्न इंटरनेटसाठी नाही. रेंज गेली की नकाशाही जातो, आणि या भागात शेवटचे दहा किलोमीटर खडीचे, दिवे नसलेले असतात. पत्ता, वळणं, मालकाचा नंबर कागदावर लिहून घ्या आणि उजेडात पोचा.

काय न्यायचं

कपडे कमी न्या. पोहण्याचे दोन जोड, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो. डासांसाठी फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सदरे, लांब मोजे, एक स्वेटर, टोपी. खडकाळ काठासाठी पाण्यात चालतील असे बूट. प्रत्येकी एक विजेरी. डासांचं मलम इकॅरिडिन किंवा डीट असलेलं घ्या. लहान मुलांसाठी डब्यावरची वयाची सूचना वाचून. बाथरूमसाठी एक प्लॅस्टिकचा मग. तो तिथे मिळणार नाही आणि त्यावाचून आपलं अडतं. पिण्याच्या पाण्याचे मोठे जार.

खाण्याचं मी असं बघते: तिथे गेल्यावर ओट्याशी कोणीही अर्ध्या तासाहून जास्त उभं राहता कामा नये. नाहीतर पुरुष आणि मुलं पाण्यात आणि बायका पोळ्या लाटतायत असं चित्र होतं, तसं मी बऱ्याच गटांत पाहिलं आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. भाजणीचं पीठ, जाडे पोहे, मेतकूट, दाण्याचं कूट, दोन लोणची, घरून करून नेलेल्या तिखट-मिठाच्या पुऱ्या. सकाळी पोहे किंवा थालीपीठ, दुपारी दही-भात, रात्री विस्तवावर जे भाजता येईल ते. कामाची पाळी लावा आणि फ्रिजवर चिकटवा.

सरपण मात्र घरून नेऊ नका. लाकडातून झाडं मारणारे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात; ॲश या झाडाची अशीच वाताहत झाली आहे. वाटेवर गावोगाव जळाऊ लाकडाच्या मोळ्या विकायला असतात, तिथूनच घ्या.

पोचल्यावर, पाण्यात जायच्या आधी

सामान उतरवायच्याही आधी सगळ्यांनी डॉकवर जायचं. मुलांना तिथेच नियम सांगायचे, कारण पाणी समोर असताना सांगितलेलं लक्षात राहतं. आमच्या घरचे नियम तीन. मोठं माणूस डॉकवर नसेल तर मुलांनी डॉकवर यायचं नाही. पोहता येवो न येवो, बारा वर्षांखालच्यांनी लाइफ जॅकेट घालूनच पाण्यात जायचं. आणि अनोळखी पाण्यात कोणीही, मोठ्यांनीसुद्धा, डोक्यावर सूर मारायचा नाही. वरून नितळ दिसणाऱ्या पाण्याखाली खडक हातभर अंतरावर असतो. पहिल्यांदा शिडीने उतरून तळ पायाने चाचपा.

आपल्यातल्या अनेक मोठ्या माणसांना पोहता येत नाही, आणि ते सांगायची लाज वाटते. सांगा. लाइफ जॅकेट घालून डॉकच्या शिडीशी तरंगण्यात अपार सुख आहे. मी स्वतः तशीच सुरुवात केली आणि पोहायला चाळिशीत शिकले. लहान मुलाजवळ असाल तर हात लांबवला की पोचेल इतक्या अंतरावर राहा. बुडणारं माणूस ओरडत नाही, त्याला तेवढा श्वासच नसतो. म्हणून कान देऊन उपयोग नाही, डोळे लागतात. पाळी ठरवा, आणि ज्याची पाळी आहे त्याने फोन घरात ठेवून यावा.

साबण आणि शाम्पू तळ्यात नको, डब्यावर नैसर्गिक म्हणून लिहिलेलं असलं तरीही. घराचं सांडपाणी सेप्टिक टाकीत जातं, म्हणून चहाचा चोथा, भाताची शितं, तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. टाकी तुंबली तर घरभर त्रास होतो आणि पाझर शेवटी त्याच तळ्यात जातो.

कनूत बसायचं कसं

हा सारा मुलूख अनिशिनाबे लोकांचा. कनू ही इथल्या मूळ रहिवाशांनी बर्च झाडाच्या सालीपासून घडवलेली होडी. आपल्या भूर्जपत्राचं झाड याच जातकुळीतलं. आज ती फायबरची किंवा प्लॅस्टिकची असते, पण आकार तोच राहिला आहे.

पाण्यात पडण्याची वेळ बहुतेकांवर येते ती चढताना. होडी डॉकला समांतर लावा आणि एकाने ती घट्ट धरून ठेवावी. चढणाऱ्याने खाली वाकून दोन्ही हातांनी होडीचे दोन्ही काठ धरायचे, पहिलं पाऊल बरोबर मधल्या रेषेवर टाकायचं, आणि उभं न राहता तसंच बसायचं. हलायला लागली तर घाबरून काठाकडे झुकू नका; गुडघे टेकून तळाशी बसा, ती लगेच शांत होते. पुढे बसणारा वल्ह्याची लय धरतो, मागचा दिशा देतो, आणि दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हवायचं. मागे अनुभवी माणूस हवा. नवरा-बायकोची पहिली भांडणं याच जागेवरून होतात, म्हणून एकदा ठरवून घ्या आणि मग पुढच्याने मागे वळून सूचना देऊ नयेत.

पहिले दोन दिवस काठाकाठानेच जा. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे हात दुखायला लागल्यावर वारा घरी आणून सोडतो. उलटलीच तर होडी सोडू नका, ती तरंगत राहते. होडीत प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट असणं हा कायदा आहे. ते अंगात घालूनच बसावं, हा माझा आग्रह. मोटारबोट चालवायची तर त्यासाठी वेगळं परवानापत्र लागतं, कनूला लागत नाही.

मासेमारीलाही परवाना लागतो. कॅनडात राहणाऱ्या 18 ते 64 वयाच्या माणसांनी तो काढावा लागतो. भारतातून आलेले आजोबा सत्तर वर्षांचे असले तरी पाहुणे म्हणून त्यांनाही काढावा लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता दिवस कसा घालवायचा

इथे मला घाई करायची नाही, कारण यासाठीच तर जायचं.

एकदा तरी साडेपाच-सहाला उठा. तळ्यावर धुकं असतं, पाण्यातून वाफ निघावी तसं, आणि पाणी इतकं स्तब्ध की पलीकडचे पाइन त्यात उलटे उभे दिसतात. चहाचा कप घेऊन डॉकच्या टोकाला बसा, बोलू नका. मग लून नावाचा पाणपक्षी येतो. काळा-पांढरा, अंगावर चौकडीची नक्षी, तांबडे डोळे. एक डॉलरच्या नाण्यावर 1987 पासून त्याचंच चित्र आहे, म्हणून तर नाण्याला लूनी म्हणतात. तो आवाज न करता बुडी मारतो. कुठे वर येईल याची पैज लावावी आणि प्रत्येक वेळी हरावी. पिल्लं लहान असली तर आईबापांच्या पाठीवर बसून हिंडतात. त्याची लांब हाक पहिल्यांदा रात्री ऐकली तर अंगावर काटा येतो. कोणीतरी दूरवरून कोणाला तरी शोधतंय असं वाटतं, आणि मग दुसऱ्या टोकाच्या खाडीतून तिला उत्तर येतं. मात्र पिल्लं असलेल्या लूनच्या मागे होडी नेऊ नका.

सकाळी दहाच्या पुढे पाण्यात. दुपारी जेवण, मग झोप. उन्हात तापलेल्या डॉकच्या फळ्यांवर ओल्या अंगाने पालथं पडलं की लाकडाचा ऊबदार वास नाकात जातो, फळ्यांच्या फटीतून खाली पाण्याची कवडशांची जाळी हलताना दिसते, आणि त्या जाळीत बोटभर मासे स्थिर उभे असतात. माझी मुलगी सहा वर्षांची असताना त्या फटीला डोळा लावून तास-तासभर पडून असायची. तिला कधी "कंटाळा आला" म्हणताना मी तिथे ऐकलं नाही.

चार वाजता ब्लूबेरी. जुलैच्या मध्यापासून खडकांच्या खाचांत गुडघ्याएवढी रानटी झुडपं लगडतात. फळ बाजारातल्यापेक्षा बारीक, पण चव करवंदांसारखी धिटाईची. झुडपांत शिरताना पाय झाका. देठावर तीन-तीन पानं असलेली, अंगाला लागली की पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही ओळखून टाळा, आणि परतल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागची बाजू, केसांची मुळं टिक म्हणजे गोचिडीसाठी तपासा.

गेल्या खेपेला सासूबाई आल्या होत्या, वाईहून. पहिला दिवस त्या व्हरांड्यातच बसून होत्या. दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉकवर नेलं, खुर्ची टोकाला लावली. त्यांनी नऊवारी जरा वर घेऊन पाय पाण्यात सोडले आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, समुद्रासारखं दिसतंय, आणि पाणी गोडं?" मी हो म्हटलं. "मग घाटावर बसल्यासारखंच की. फक्त कपडे धुवायला कोणी नाही." पुढचे तीन दिवस त्यांनी ती जागा सोडली नाही.

पाऊस आला तर कॅरम, पत्ते, मेंढीकोट. गडगडलं की त्या क्षणी पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच परत.

शेकोटी, वांगं आणि ध्रुव

आधी त्या गावाची आगबंदी आहे का ते बघा. कोरड्या उन्हाळ्यात ती असतेच, आणि असली तर काडीही पेटवायची नाही. नसेल तर अंधार पडायच्या तासभर आधी विस्तव करा, म्हणजे जेवणाच्या वेळी निखारे तयार होतात. वांगं ज्वाळेवर नको, निखाऱ्यांवर. मोठं जांभळं वांगं घ्या, सुरीने दोन-चार टोचे मारा, तेलाचा हात फिरवा आणि वीस-पंचवीस मिनिटं फिरवत राहा. साल कोळशासारखी होऊन आत वांगं लिबलिबीत झालं, देठाशी दाबल्यावर हात आत गेला, की झालं. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, कूट, मीठ, वर कच्चं तेल. मेपलच्या लाकडाचा धूर त्या भरताला जो वास देतो तो शहरातल्या घरी गॅसच्या शेगडीवर येणार नाही. शेजारी कणसं भाजा, लिंबू-तिखट-मीठ लावून.

पाण्यावरून आवाज फार लांब जातो. समोरच्या काठावरचं साधं बोलणं इकडे ऐकू येतं, म्हणजे आपली गाणीही तिकडे जातात. स्पीकर घरी ठेवा. कोणाला गाता येत असेल तर हळू आवाजात गाऊ दे.

शेकोटी विझवताना बादलीभर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करा. मग सगळे दिवे बंद करून डॉकवर आडवे व्हा. डोळ्यांना अंधार सरावायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात फोन बघितला तर पुन्हा पहिल्यापासून. आकाशगंगा थेट माथ्यावरून जाते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर दिसतो. इथे जवळजवळ पंचेचाळीसवर, म्हणजे मान बरीच वर करावी लागते. सप्तर्षी इथे मावळतच नाहीत. ऑगस्टच्या 12-13 तारखेला ईशान्येकडे शर्मिष्ठा तारकासमूहाच्या खाली ययाती हा तारकासमूह उगवतो, आणि तिथून उल्का निघाल्यासारख्या दिसतात. मध्यरात्रीनंतर त्या वाढतात. लहान मुलांना तेव्हा उठवा, शाळेची काळजी नसलेली हीच एक रात्र असते.

झोपण्याआधी खाण्याचा एकही डबा बाहेर ठेवू नका, शेगडीची तेलकट जाळी पुसा, कचरा आत घ्या. रॅकून तर येतातच, अस्वलंही वासावर येतात, आणि माणसांच्या अन्नाला सवकलेलं अस्वल शेवटी मारलं जातं.

निघताना

शनिवारी बहुधा सकाळी दहालाच घर रिकामं करावं लागतं, म्हणून आदल्या रात्रीच निम्मं आवरा. कचरा गावच्या कचरा-केंद्रावर द्यायचा की घरी न्यायचा ते मालकाला विचारा. कनू पालथी घालून काठापासून वर ओढून ठेवा. घर आवडलं असेल तर निघण्याआधीच पुढच्या वर्षीचा तोच आठवडा मागून घ्या. चांगली घरं अशी तोंडी ठरूनच संपतात. गाडी सुरू केल्यावर एकाने पुन्हा डॉकवर जाऊन यावं. ओले टॉवेल, आजीचा चष्मा आणि मुलांची एकेक चप्पल तिथेच राहिलेली असते.